स्वमग्नता आणि अवधानदोष : एकाच स्त्रीच्या ठायी

वैद्यकशास्त्रात एखाद्या अवस्थेचे वर्णन होते ते वैद्यांसमोर ज्यांना आणले गेले त्यांच्यावरून. ज्यांना कोणी आणलेच नाही, त्यांचा त्या वर्णनात वाटा नसतो. सन १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी चंचल व अनावर मुलांविषयी जी व्याख्याने दिली, त्यांतील उदाहरणांत मुलगे मुलींच्या तिप्पट होते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे विवेचन केले ते अकरा मुलांच्या निरीक्षणावरून. त्यांपैकी आठ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी तपशीलवार मांडलेली चारही उदाहरणे मुलग्यांची होती. मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा या विदुषीने या दोघांच्याही आधी, १९२५ ते १९२७ च्या सुमारास, अशा मुलग्यांवर आणि त्यापाठोपाठ मुलींवरही लिहून ठेवले होते. परंतु त्या लेखनाकडे दीर्घकाळ फारसे कोणी वळले नाही. मुलगी डोळ्यांसमोर नसतानाच दोन्ही अवस्थांची लक्षणे ठरत गेली, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

दुसरी अडचण नियमाची होती. अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजे ज्याला आज सर्वत्र एडीएचडी म्हणतात तो विकार, आणि स्वमग्नता ही दोन निदाने एकाच व्यक्तीच्या बाबतीत करू नयेत, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत सांगितले होते. २०१३ च्या आवृत्तीने हा निर्बंध उठवला. त्यानंतर, २०१९ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे २८ टक्क्यांच्या ठायी एडीएचडीही आढळला. शास्त्राने जे जोडपे अशक्य मानले होते, ते घरोघरी नांदत होते!

हे नांदणे कसे असते, ते समजून घेतले पाहिजे. स्वमग्न मनाला ठरलेला क्रम हवा असतो; वस्तू जागच्या जागी, दिवस कालच्यासारखा. अवधानदोष असलेल्या मनाला तोच क्रम चार दिवसांत नीरस होतो आणि ते नव्याच्या शोधात निघते. दोन्ही एकत्र आली की ती स्त्री स्वतःच मांडलेली घडी स्वतःच विस्कटते आणि विस्कटलेल्या घडीने कासावीस होते. मसाल्याच्या डब्यांची जागा कोणी बदलली तर तिला सहन होत नाही. परंतु त्याच स्वयंपाकघरात तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू जाते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरचा आवाज आणि फोडणीचा वास एकाच वेळी अंगावर येतात, आणि त्या कल्लोळात आपण काय करीत होतो हेच ती विसरते. आवडीच्या विषयात बुडाली तर मात्र तिला तहानभूक उरत नाही. पाहणारा म्हणतो, “मनात आणले तर येते की!” हे वाक्य अशा स्त्रियांनी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही.

येथे एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. भारतीय कुटुंबात स्मरण ठेवण्याचे काम प्रायः स्त्रीकडे असते. सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांची फी, गॅसची नोंदणी, कोणाचा उपवास, कोणाच्या लग्नाचा आहेर, दाराशी येणाऱ्या दूधवाल्याचा हिशेब, हे सर्व तिने विनासायास ध्यानात ठेवावे, ही अपेक्षा. नेमकी हीच शक्ती, कामे आखण्याची, क्रम लावण्याची, वेळेचे भान राखण्याची, एडीएचडीमध्ये दुर्बळ असते. पुरुष विसरला तर तो विसरभोळा. त्याचे कौतुकही होते. स्त्री विसरली तर ती वेंधळी, निष्काळजी, माहेरचे वळण नसलेली. पुरुषात जी लकब, ती स्त्रीत शीलाचा दोष ठरते. आणि लग्नघरात चार तास हसतमुखाने वावरून आलेली सून अंधाऱ्या खोलीत दार लावून बसली, तर ती माणूसघाणी ठरते.

म्हणून ती सोंग घेण्यास शिकते. कोणाकडे किती वेळ पाहावे, केव्हा हसावे, पाहुण्यांना कोणते चार प्रश्न विचारावे, हे ती इतर मुलींकडे पाहून पाठ करते. विसरू नये म्हणून दहा वेळा कुलूप तपासते, आणि वेळ चुकू नये म्हणून दोन तास आधीच तयार होऊन बसते. बाहेरून सर्व ठाकठीक दिसते. याची किंमत थकव्याने मोजावी लागते. हा थकवा झोपेने जात नाही. ती वैद्यांकडे जाते तेव्हा चिंता किंवा विषाद असे निदान होते. ते बहुधा खोटे नसते, अपुरे असते. कित्येकींना खरा उलगडा होतो तो स्वतःच्या अपत्याची तपासणी चालू असताना. तज्ज्ञ मुलाविषयी प्रश्न विचारीत जातो आणि आई मनातल्या मनात स्वतःची उत्तरे देत जाते.

उपचारांविषयी अतिशयोक्त आशा बाळगणे बरे नव्हे. स्वमग्नता हा बरा करावयाचा रोग नाही. एडीएचडीसाठी मिथिलफेनिडेटसारखी औषधे उपयोगी पडतात; मात्र स्वमग्न मुलांवरील एका अमेरिकन चाचणीत, २००५ साली, त्यांचा गुण सुमारे निम्म्याच मुलांना आला आणि १८ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले. तेव्हा मात्रा अल्प ठेवून, धीराने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच पुढे जाणे इष्ट. कामांची यादी भिंतीवर लावणे, गोंगाटाच्या वेळी कानांत बोळे घालणे आणि घरातील स्मरणाचा भार वाटून घेणे, हे उपाय साधे दिसतात; परंतु यांतील शेवटचा सर्वांत अवघड, कारण तो एकटीच्या हातचा नाही.

कायद्याची स्थितीही पुरती समाधानकारक नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नतेला मान्यता दिली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांतही ती आहे. एडीएचडीचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे दोन्ही अवस्था असलेल्या स्त्रीला आपल्या अडचणींपैकी निम्म्याच कागदावर मांडता येतात. शिवाय एडीएचडीच्या निदानासाठी बारा वर्षे वयाच्या आतील लक्षणांचा दाखला लागतो. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीने तो कोठून आणावा? आईवडील हयात नसतात, किंवा असले तरी “तू तर फार शहाणी मुलगी होतीस” एवढेच त्यांना आठवते. अशा वेळी माळ्यावरच्या ट्रंकेत जपून ठेवलेली शाळेची प्रगतिपुस्तके कामी येतात. वर्षामागून वर्षे, निरनिराळ्या शिक्षकांच्या अक्षरांत, त्यांवर एकच शेरा लिहिलेला असतो : हुशार आहे, पण लक्ष देत नाही.