अश्वनिवारा : दया आणि क्षमता



मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शहरातील मौजेच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. गाडीवानांच्या पुनर्वसनाबरोबरच त्यांच्या घोड्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. काम संपलेला, लंगडा किंवा मालकाला पोसणे न परवडणारा घोडा गावोगावीही आढळतो. अशा जनावरांना आसरा देणाऱ्या लहान निवाऱ्याला कोणाला घ्यावे आणि कोणाला नाकारावे, हाच निर्णय सर्वांत कठीण जातो.

या निर्णयाचा आरंभ हिशेबापासून व्हावा लागतो. ३०० किलो वजनाच्या घोड्याला दररोज सुमारे ६ किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे वर्षाला दोन टनांहून अधिक. चंदी, खुरांची निगा, औषधोपचार आणि मोतद्दाराचे वेतन निराळे. घोडा २५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो. १२ वर्षांचा घोडा आज स्वीकारणे म्हणजे पुढील तितक्याच वर्षांची जबाबदारी पत्करणे होय. १० घोड्यांच्या वैरणीवर १५ घोडे ठेवल्यास सर्वच अर्धपोटी राहतात आणि दयेचे रूपांतर क्रौर्यात होते.

सबब पहिला हक्क निराधार असलेल्या, परंतु उपचाराने सावरू शकणाऱ्या घोड्याचा मानावा. मालक सांभाळण्यास राजी असून केवळ वैरणीला वा औषधाला अडला असेल, तर मदत त्याच्या दारी पोहोचवावी. तरुण, निरोगी घोड्यासाठी योग्य पालक शोधावा. नव्या घोड्याला तीन-चार आठवडे वेगळे बांधण्याची सोय नसल्यास त्याला आत घेऊ नये. शेंबा हा घोड्यांचा रोग माणसालाही जडतो. त्याचा संशय येताच ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळविणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. असह्य वेदना भोगणाऱ्या आणि बरे होण्याची आशा उरली नाही अशा जनावराला वेदनारहित मरण देण्याची तरतूद प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये आहे. तो निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व्हावा.

अकस्मात येणाऱ्या जखमी घोड्यासाठी एक ठाण सदैव रिकामे राखणे हितावह ठरते. ते रिकामे दिसत असूनही व्यवस्थापकाने एखाद्याला नकार दिला, तर गावाने त्याला निर्दय म्हणू नये. ग्रामपंचायतीने पडीक जागा, पाण्याची सोय व सुगीनंतरचा कडबा मिळवून दिला, तर पुढच्या खेपेस तोच व्यवस्थापक होकार देऊ शकेल.