शितावरून भाताची परीक्षा

(देवपूर, धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. ती करता येते, कारण पातेल्यातला भात एकसारखा शिजलेला असतो. समाजाचे पातेले तसे नाही. येथे देवपुरातल्या चौकात उभे राहून शंभर जणांना महागाईविषयी विचारले, तर चौकात येणाऱ्यांचे मत कळेल. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरील भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबे त्यात येणार नाहीत. शंभरांऐवजी हजारांना विचारले तरी संख्या वाढेल. एकांगीपणा तसाच राहील.

प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने या अडचणीतून शास्त्रशुद्ध वाट काढली. आधी ग्रामीण व नागरी भाग वेगळे करून त्यांचे थर पाडावयाचे. प्रत्येक थरातून गावे आणि शहरी गट निवडावयाचे. गाव मोठे असेल तर त्याचे वस्तीगट पाडावयाचे. मग निवडलेल्या भागातील घरन्‌घर यादीत नोंदवून त्यातून थोडी कुटुंबे काढावयाची. कोणते घर निघावे हे सरपंच ठरवीत नाही, पाहणी करणारा कर्मचारीही ठरवीत नाही. निवड यदृच्छेने होते. प्रत्येक घराला निवडले जाण्याची संधी किती होती हे ठाऊक असते. म्हणूनच ते एक घर किती घरांच्या वतीने बोलते, हे गणिताने सांगता येते. २०२२-२३ च्या उपभोगखर्च पाहणीत ८,७२३ गावे व ६,११५ शहरी गटांतील २,६१,७४६ कुटुंबे होती. एवढ्यांवरून सबंध देशाचा अंदाज बांधला गेला.

या आकड्यांचे सामर्थ्य काय असते? दांडेकर आणि रथ यांनी याच पाहणीच्या आधारे १९७१ मध्ये देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले आणि नियोजनाच्या चर्चेला गरिबाच्या ताटाकडे पाहणे भाग पडले.

परंतु पद्धत निर्दोष असली तरी व्यवहारात ती तीन ठिकाणी दुबळी होऊ शकते. पहिले, यादी जुनी असणे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. तोवर गावांच्या निवडीचा आधार २०११ चीच जनगणना राहिली. दुसरे, कुलूपबंद घर. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाऐवजी शेजारचे घर घेतले, तर संख्या पुरी होते. पण सर्वांत गरजू माणूसच हिशेबातून निसटतो. तिसरे, निष्कर्ष दडपणे. २०१७-१८ च्या उपभोगखर्च पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. परिणामी २०११-१२ नंतर २०२२-२३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, लोकांच्या खर्चाचे अधिकृत चित्रच देशापुढे नव्हते. आकड्यांत दोष असतील तर ते दोषांसह मांडावेत. अभ्यासक त्यांची छाननी करतील. झाकलेल्या आकड्याची छाननी कोण करणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पाहणीचा कर्मचारी वस्तीत आला, तर 'रेशनकार्ड जाईल' या भीतीने कोणी खोटी माहिती देऊ नये, हे लोकांना समजावून सांगावे. आणि कोणते उत्तर द्यावे हे मात्र कोणालाही पढवू नये, मग ते आपल्या सोयीचे का असेना. दुसरे, सरकार कोणाचेही असो, पाहणीचे निष्कर्ष ठरल्या दिवशी जाहीर झालेच पाहिजेत, ही मागणी किमान वेतनाच्या मागणीइतक्याच नेटाने लावून धरावी. कारण किमान वेतन किती असावे, याचा वाद अखेर याच आकड्यांवर येऊन ठेपतो.