विश्वसनीय माहितीचा मार्ग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



हल्ली काहीही हवे असले की आपण गूगलसारख्या शोधयंत्रास विचारतो आणि प्रथम जे दिसेल तेच प्रमाण मानतो. परंतु प्रथम दिसणे हा सत्याचा पुरावा नव्हे. पुष्कळदा वरची जागा जाहिरातदाराने पैसे मोजून घेतलेली असते. बँकेचा क्रमांक असा शोधावा आणि पलीकडून ठकाने बोलावे, अशा वार्ता वृत्तपत्रांतून वारंवार येतात. जन्मभर साठविलेली पुंजी त्यात घटकाभरात नाहीशी होते.

औषधासाठी वैद्याकडे आणि उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जाण्याची आपली जुनी रीत आहे. त्यासाठी भर बाजारात वाटसरूस कोणी विचारीत नसे. तीच रीत येथेही पाळावी. सातबारा पाहावयाचा तर शासनाचे 'महाभूलेख', शिष्यवृत्तीसाठी 'महाडीबीटी'. विद्यार्थ्यांनी मराठी विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आज तो घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. शब्दाचा अर्थ अडला तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत.

पत्ता मात्र डोळसपणे वाचावा. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगत आधीची अक्षरे पाहावीत. तेथे 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ते स्थळ शासनाचे. हीच अक्षरे मध्येच कोठे घुसडलेली असतील तर सावध व्हावे. बँकांनी 'बँक डॉट इन' हा पत्ता घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली फर्माविले आहे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजून स्वस्थ न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; विलंब होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

शेवटी एक सूचना करतो. प्रत्येक कुटुंबाने अशा पारखलेल्या पत्त्यांची एक वही ठेवावी. मुलांनी ती सुवाच्य अक्षरांत लिहावी, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी आणि दर वर्षी तपासावी. विद्येचे आणि धनाचे असे दुहेरी रक्षण आपल्या घरोघरी होवो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.