फोटो चांगला, मग दुखतं का?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी एक्स-रे विभागात फोटो काढण्याचं काम करते. खुब्याचा सांधा बदललेल्या बायका आमच्याकडे तपासणीला येतात. 'फोटो चांगला आहे' असं कळलं की घरचे निश्चिंत होतात. बाई म्हणत राहते, 'पण दुखतंय हो.' मग तिचं दुखणं हे नाटक ठरतं.

म्हणून फोटोत काय दिसतं ते आधी समजून घेऊ. बसवलेली वाटी आणि गोळा जागेवर आहे का, मांडीतला दांडा सैल झालाय का, हाड मोडलंय का, हे एक्स-रे सांगतो. सैलपणा सुरू झाला असेल तर जुना फोटो शेजारी ठेवल्यावरच तो नीट कळतो. भोवतालचे स्नायू, साठलेलं पाणी, गाठी मात्र त्यात सहसा दिसत नाहीत.

याची किंमत बायकांनी मोजली आहे. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा असलेले 'एएसआर' सांधे डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. घर्षणाने कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटत आणि भोवतालचं मांस खराब होई. एक्स-रे कित्येकदा ठीकच दिसे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे सांधे जास्त बिघडले. ते ओळखायला सोनोग्राफी, रक्तातल्या धातूची तपासणी, किंवा धातूची सावली कमी करणारा खास एमआरआय लागतो. 'आत धातू आहे, एमआरआय होणारच नाही' असं सरसकट खरं नाही. कोणता सांधा बसवलाय ते पाहून डॉक्टर ठरवतात.

आणि नेमकं तेच आपल्याला ठाऊक नसतं! भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत एएसआर वापरला गेला. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही, हे २०१८ साली सरकारी तज्ज्ञ समितीच्या अहवालातून उघड झालं.

तेव्हा डिस्चार्जच्या वेळी सांध्याचं नाव आणि नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या. सगळे फोटो तारखेनिशी जपा. दुखणं, सूज, लंगडणं वाढलं तर विचारा, 'एक्स-रेत दिसत नाही असं काही असू शकतं का? त्यासाठी कोणती तपासणी?' हे विचारणं उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. सोसण्यात कसलंही पुण्य नाही.