बदलीची बातमी रुग्णाला कधी कळते?



वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील सहकाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. समोर प्राध्यापक आहेत, निवासी डॉक्टर आहेत, मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर आहेत, केसपेपरच्या खिडकीवरचे लिपिक, एक्स-रे तंत्रज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकही आहेत. एकाच रुग्णालयात काम करणारी ही मंडळी एका सभागृहात क्वचित बसतात. म्हणून नवी औषधे आणि नवी यंत्रे आज बाजूला ठेवतो. आपल्या रुग्णालयात कोण रुजू झाले, कोण गेले, कोणती ओपीडी कुठल्या वारावर आणि कुठल्या खोलीत हलली, या माहितीविषयी मला बोलायचे आहे. ती आपण प्रशासनाच्या फायलीत ठेवतो. माझ्या मते ती उपचाराचाच भाग आहे.

अध्यापन रुग्णालयात माणसे बदलत राहणार, हे ठरलेलेच असते. आंतरवासिता 12 महिन्यांची. पदव्युत्तर विद्यार्थी 3 वर्षांचा, आणि त्यातलेही 3 महिने तो जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी बाहेर असतो. त्यात शिक्षकांच्या बदल्या आणि प्रतिनियुक्त्या. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील 10 शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन एकदम झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा अशा जिल्ह्यांना आपले महाविद्यालय मिळाले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण नव्या ठिकाणचा अनुभवी शिक्षक बहुधा जुन्या महाविद्यालयातूनच जातो. आदेश येतो, माणूस कार्यमुक्त होतो. जाण्यापूर्वी त्याला ना-देय प्रमाणपत्र लागते. ग्रंथालयाचे पुस्तक परत केले का, डेड स्टॉक रजिस्टरवरची खुर्ची जागेवर आहे का, कपाटाची किल्ली कोणाला दिली, हे सगळे विचारले जाते. त्याच्या ओपीडीत दर महिन्याला येणारे रुग्ण कोणाला सोपवले, हा रकाना मात्र त्या कागदावर नाही.

हा रकाना का हवा, ते एका रुग्णाच्या अंगाने पाहू. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, त्यात हृदयाची झडप खराब झालेली, आणि मग धातूची कृत्रिम झडप बसवलेला असा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओपीडीत आहे. बहुतेकदा तो तरुण असतो, पुष्कळदा तरुण बाई असते. तिला रक्ताची गुठळी रोखणारे वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप बदललेली असेल, तर रक्त गोठण्याचा निर्देशांक, म्हणजे आयएनआर, साधारण 2.5 ते 3.5 मध्ये राखावा लागतो. तो घसरला तर झडपेवर गुठळी धरते आणि झडप अडकते. चढला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाजी खाण्याचे प्रमाण बदलले तरी आकडा हलतो. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले, तर पूर्वीचा डोस पुरत नाही. असा रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरला तो नुसत्या केसपेपरवरून कळत नाही. गेल्या पावसाळ्यात डोस का वाढवला, कोणती गोळी तिला सोसत नाही, गावात तपासणी होते की नाही, हे त्याच्या डोक्यात असते. तो डॉक्टर बदलून जातो. ही बाई मेळघाटातून रात्रीची एसटी पकडून सकाळी नागपूरला पोहोचते, तेव्हा दारावर दुसरी पाटी असते, किंवा युनिटचा वार बदललेला असतो. खिडकीवर उत्तर मिळते, "गुरुवारी या." एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई गुरुवारी पुन्हा येईल, हे आपण गृहीत धरतो. ती परत जाते, जुनी चिठ्ठी दाखवून जुनाच डोस विकत घेते, किंवा गोळ्या संपल्या की थांबते. पुढे ती कॅज्युअल्टीत आली, तर आपण कागदावर लिहितो की रुग्णाने औषध अनियमित घेतले. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. अनियमित आपण होतो.

माणसे बदलण्याचा रुग्णाच्या जिवाशी संबंध असतो, हे तपासणारे अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी कनिष्ठ डॉक्टर एकदम बदलतात. 2000 ते 2008 या काळातील तातडीच्या दाखल्यांची तिथे तुलना केली गेली. जुलैच्या शेवटच्या बुधवारी दाखल झालेल्यांपेक्षा त्या पहिल्या बुधवारी दाखल झालेल्यांत मृत्यूची शक्यता 6 टक्के अधिक आढळली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण इशारा पुरेसा आहे. उपायाचा पुरावा त्याहून भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडातील 9 रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना रुग्ण सोपवण्याची एक ठरावीक पद्धत शिकवली गेली: आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झाले, पुढे काय करायचे, काय बिघडू शकते, आणि ऐकणाऱ्याने ते सारे परत बोलून दाखवायचे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 10,740 दाखले होते. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय 30 टक्क्यांनी कमी झाले. नवे यंत्र लागले नाही, सोपवण्याला लागणारा वेळही लक्षणीय वाढला नाही.

आपल्या सिस्टर हे काम तिन्ही पाळ्यांत करत आल्या आहेत. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेपाशी उभी राहून ओव्हर देते, त्याशिवाय वॉर्ड सोडत नाही. या शिस्तीचे सर्वांत मोठे उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ 42 वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, अधिष्ठाता बदलले. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना पाहिलेही नव्हते, अशा मुली सेवेत येऊन त्यांना भरवू लागल्या. इतकी वर्षे निपचित पडलेल्या या रुग्णाला शय्याव्रण होऊ दिला नाही, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, आणि 2011 च्या निकालात न्यायालयाने या कर्मचाऱ्यांचा मोठ्या आदराने गौरव केला. सेवेत माणसे बदलत असतानाही काळजीचा धागा कसा टिकतो, हे शिकवायला याहून मोठा धडा मला माहीत नाही. डॉक्टरांनी तो सिस्टरकडून घ्यावा.

कोणाची बातमी आपण बातमी मानतो, हेही पाहिले पाहिजे. प्राध्यापक निवृत्त झाले की शाल-श्रीफळ होते, आणि ते व्हायलाच हवे. पण निर्जंतुकीकरण विभागात हयात घालवलेला तंत्रज्ञ, जुने केसपेपर कुठल्या मांडणीवर आहेत हे अंधारातही सांगू शकणारा रेकॉर्ड विभागाचा लिपिक, प्रसूतिकक्षातील मावशी, कॅज्युअल्टीतले मामा यांच्या जाण्याची नोंद फक्त वेतनपत्रकात होते. कंत्राट बदलले की मावशी आणि मामा एका रात्रीत बदलतात आणि नव्यांना कोणी काही शिकवत नाही. समाजसेवा विभागाचीही तीच गोष्ट. जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. रुग्ण, घर आणि रुग्णालय यांच्यामधला हा दुवा आहे, हे तेव्हा ओळखले गेले होते. आज समाजसेवा अधीक्षकाचे पद रिकामे राहिले, तर त्याचे पत्र मंत्रालयात जाते. योजनेचे कागद घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकाला मात्र कोणी सांगत नाही की ती खोली बंद का आहे.

मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचे टोकन मिळू लागले, त्याने रांग कमी होते, हे चांगलेच आहे. पण त्या टोकनावर युनिटचा बदललेला वार कळत नाही. तो कळवण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर असली पाहिजे.

म्हणून या अधिवेशनापुढे मी तीन मागण्या ठेवतो. कार्यमुक्तीच्या कागदावर दीर्घकालीन रुग्ण कोणाला सोपवले याचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय सही होऊ नये. ओपीडीचा वार किंवा खोली बदलणार असेल, तर किमान एक महिना आधी तो बदल मराठीत, मोठ्या अक्षरांत दारावर आणि रुग्णाच्या कागदावर लिहावा. सीमाभागात आणि आदिवासी पट्ट्यात तिथल्या भाषेतही. आणि रुजू होणाऱ्या प्रत्येकाला, मग तो प्राध्यापक असो की कंत्राटी सफाई कामगार, पहिल्या दिवशी त्याच्या आधीच्या माणसाकडून किंवा इन्चार्जकडून ओव्हर मिळावा.

यातल्या कशासाठीही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि मेट्रन यांनी एकत्र बसून ठरवले, तर सोमवारपासून सुरू करता येईल. इथून परत गेल्यावर आपापल्या विभागात ही बैठक घ्या, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.