बोरीबंदर बांधणारा स्टीव्हन्स



चांदूर रेल्वे, धामणगाव, बडनेरा इथे गाडीत बसलेला आपला माणूस मुंबईला बहुधा उतरतो तो व्ही.टी.ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. जुनी माणसे त्याला बोरीबंदरच म्हणत. ही इमारत ज्याच्या कल्पनेतून उभी राहिली, त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सविषयी आज बोलायचे आहे.

इंग्लंडमधल्या बाथ इथे १८४७ साली तो जन्मला आणि विशीत, १८६७ मध्ये, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. त्याच वर्षी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) कंपनीची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. आगगाडी येण्याआधी इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत भिजे, धुळीने मळे. आता त्याच्या गाठी थेट मुंबईच्या बंदरावर जाऊ लागल्या. कंपनीचा पसारा वाढला, बोरीबंदरचे जुने साधे स्टेशन अपुरे पडू लागले. मुंबईच्या त्या वैभवात आपल्या काळ्या मातीचा वाटा आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

१८७८ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. ते दहा वर्षे चालले आणि सुमारे सोळा लाख रुपये लागले. स्टीव्हन्स युरोपातली स्टेशने पाहून आला होता, तरी त्याने त्यांची नक्कल केली नाही. टोकदार कमानी तिकडच्या, पण त्यांच्यावर मोर, माकडे, खारी आणि झाडांची पाने आहेत ती इथली. हे कोरीवकाम जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी आणि देशी कारागिरांनी केले. सीताराम खंडेराव हे बांधकामावर सहायक अभियंता होते. मधला अष्टकोनी घुमट तर खालून आधाराचा सांगाडा न लावता चढवला. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरले आहेत, त्यांत आपले नाना शंकरशेट आहेत.

पुढे मुंबई महापालिकेची इमारत आणि चर्चगेटचे रेल्वे मुख्यालयही त्यानेच केले. मार्च १९०० मध्ये मलेरियाने तो मुंबईतच गेला. त्याला शिवडीला पुरले आहे.

परकी सत्तेचा तोरा मिरवण्यासाठी ही वास्तू बांधली गेली, हे खरेच. पण इथल्या हातांवर आणि इथल्या झाडापाखरांवर स्टीव्हन्सने विश्वास टाकला, त्यामुळे ती आपलीही झाली. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

तेव्हा पुढच्या वेळी मुंबईला उतरलात, की सामान सांभाळत लगेच बाहेर पळू नका. लोकलच्या बाजूच्या जुन्या तिकीटघरात जा आणि वर मान करून छत पाहा. सोबतच्या मुलांना स्टीव्हन्सचे नाव सांगा, आणि सीताराम खंडेरावांचेही सांगा.