मधुमेह, बुबुळ आणि डोळ्यांतील दाब
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु प्रगतिपुस्तकावर सही करताना ते हातभर लांब धरणारे पालक मी नेहमी पाहतो. "चष्म्याचा नंबर वाढला असेल" हे त्यांचे उत्तर ठरलेले असते. ज्यांचा मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा जुना आहे, त्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा बिघडतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा, म्हणजेच कॉर्नियाचा, विचार फारसा कोणी करीत नाही. हे पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असून तो पटलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढतो. म्हणूनच पटल काचेसारखे स्वच्छ राहते. या पेशी एकदा गेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, तर या थराचे काम मंदावते आणि पटल किंचित जाड होऊ शकते.

याहून घातक म्हणजे संवेदना कमी होणे. डोळ्यात कण गेला की आपण तळमळतो, ते या पटलातील मज्जातंतूंमुळे. जुन्या मधुमेहात पायांप्रमाणे येथील मज्जातंतूही क्षीण होतात. मग कण खुपत नाही, ओरखडा कळत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. आपल्या घरांतून सुरमा घालण्याची रीत आहे, म्हणून स्पष्टच सांगतो : अशा डोळ्यांत भुकटी घालू नये. बाजारातील काही सुरम्यांत शिसे आढळले आहे, ते वेगळेच.

आता दाबाविषयी. डोळ्यांतील दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तो मोजताना कॉर्निया किंचित दाबून पाहतात. साखरेमुळे पटल जाड व ताठर झाले असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून डॉक्टर पटलाची जाडीही मोजतात. त्या तपासणीला नको म्हणू नका.

परंतु "आकडा खोटाच असेल" असे घरी बसून ठरविणेही धोक्याचे आहे. आतल्या पडद्याला प्राणवायू कमी पडला, तर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या पाणी निचरण्याची वाट अडवितात, दाब एकदम चढतो आणि काचबिंदू होतो. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणणाऱ्यांचाही दाब वाढू शकतो.

म्हणून प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात रोगाचे निदान होताच आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे, बहुधा दरवर्षी, डोळे तपासून घ्यावेत. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. त्यांच्या रजेचा अर्ज माझ्याकडे द्या.